यॉर्क शहरीं बिऱ्हाड कोठें करावें?

घर पाहावें बांधून, असें आपल्या म्हणींत सांगितलें आहे. परंतु घर बांधण्याच्या आधीं तें कोठें बांधावें हा प्रश्न येतो, आणि कांहीं शहरांत हा पहिला प्रश्नच अधिक बिकट असतो. इंग्लंडच्या उत्तर भागांतील यॉर्क हें अशा शहरांपैकीं एक होय. तेथें शहर वसून एकोणीसशें वर्षांहून अधिक काळ लोटला. या काळांत तेथें रोमन आले, डेन्मार्ककडील दर्यावर्दी आले, नॉर्मन आले, आगगाडी आली आणि चॉकोलेटचे कारखानेहि आले. प्रत्येकानें आपलें बिऱ्हाड कोठें थाटलें आणि दुसऱ्यास कोठें थाटूं दिलें, हें पाहत गेलें म्हणजे त्या शहराचा इतिहास राजांच्या वंशावळीपेक्षां अधिक चांगला समजतो.

प्रथम जमिनीची ठेवण ध्यानांत घेतली पाहिजे. यॉर्कच्या आसपासचा मुलूख तळहातासारखा सपाट आहे. ऊज ही मोठी नदी शहराच्या मधून वाहते आणि फॉस नांवाची लहानशी नदी उत्तरेकडून येऊन तिला शहरांतच मिळते. स्वेल, यूर, निड या पश्चिमेकडील डोंगरांतल्या नद्यांचें पाणी ऊजमध्यें उतरतें. त्यामुळें यॉर्कांत थेंबभर पाऊस पडला नसतांहि डोंगरांतील पावसानें तेथें पूर येऊं शकतो. या सपाट मुलखांत प्राचीन काळच्या हिमनद्यांनीं वितळतांना मातीदगडांचा एक लांबट उंचवटा मागें ठेवला आहे. त्याची उंची ती काय! परक्या पाहुण्याच्या तो लक्षांतहि यावयाचा नाहीं. परंतु यॉर्कच्या जुन्या रहिवाशास तो पक्का ठाऊक असतो. पूर आला म्हणजे पाणी कोणत्या रस्त्यावर चढेल आणि कोणत्या रस्त्याला शिवणार नाहीं, हें त्या चार हातांच्या फरकावरच ठरतें.

हा फरक पहिल्यानें ओळखला तो रोमनांनीं. इ. स. ७१ च्या सुमारास त्यांच्या सैन्याची नववी पलटण येथें आली आणि दोन नद्यांच्या बेचक्यांतली उंच जागा तिनें छावणीसाठीं निवडली. सुमारें पन्नास एकरांचा काटकोनी चौकोन, भोंवतीं तट आणि मध्यें सेनापतीची कचेरी, अशी ती मांडणी होती. आज जेथें मिन्स्टर हें प्रचंड ख्रिस्ती देवालय उभें आहे, त्याच्याच पायाखालीं ही कचेरी होती. इ. स. ३०६ मध्यें याच शहरीं सैन्यानें काँस्टंटाइन यास बादशहा म्हणून पुकारलें. स्टोनगेट आणि पीटरगेट हे आजचे रस्ते त्या छावणीच्या मुख्य रस्त्यांवरूनच गेले आहेत. व्यापारी, कारागीर व पेन्शनींत निघालेले शिपाई यांची नागरी वस्ती मात्र ऊजच्या पलीकडच्या तीरावर वाढली. लष्कर एका अंगास आणि गांव दुसऱ्या अंगास, ही रचना जगांत नवी नाहीं.

इ. स. ८६६ मध्यें डेन लोकांनीं शहर घेतलें. त्यांनीं त्यास जॉर्व्हिक म्हटलें आणि त्यावरूनच पुढें यॉर्क हें नांव झालें. यॉर्कांत फिरणाऱ्या नवख्या माणसाचा एक घोटाळा नेहमीं होतो. तेथील कित्येक रस्त्यांच्या नांवांच्या शेवटीं ‘गेट’ हा शब्द येतो आणि तो वेशीचा वाचक असावा असें वाटतें. वास्तविक डेन लोकांच्या भाषेंत त्याचा अर्थ रस्ता असा होता. वेशींना यॉर्ककर ‘बार’ म्हणतात. राज्य गेलें, भाषा गेली, पण रस्त्यांचीं नांवें राहिलीं. या लोकांची दाट वस्ती फॉस आणि ऊज यांच्या संगमाकडे, कॉपरगेट या भागांत होती. जागा सखल व दमट खरी, पण त्यांना नदी हवी होती, कारण त्यांचा सारा व्यापार नावांतून चाले. १९७६ पासून पांच वर्षें तेथें उत्खनन झालें. कुडाचीं घरें, लांकडी भांडीं, चामड्याचे जोडे हें सारें त्या दमट मातीनें हजार वर्षें जसेंच्या तसें जपून ठेवलें होतें. त्या मातीनें आणखीहि एक गोष्ट उघड केली. अरुंद वाड्यांत विहीर आणि शौचाचा खड्डा शेजारीं शेजारीं होते व माणसांच्या पोटांत जंत होते. व्यापाराच्या सोयीसाठीं नदीकांठीं राहावयाचें तर त्याची किंमत शरीरानें द्यावी लागे.

नॉर्मन राजा विल्यम यानें १०६८–६९ मध्यें येथें दोन किल्ले उठविले. १०८६ च्या प्रसिद्ध जमीनमोजणींत अशी नोंद आहे कीं, शहराचे सात भाग होते आणि त्यांतील एक भाग किल्ल्यांकरितां उद्ध्वस्त झाला. त्या भागांतील कुटुंबें कोठें गेलीं याची नोंद करण्याची गरज कोणास वाटली नाहीं. किल्ल्याच्या खंदकास पाणी मिळावें म्हणून फॉस नदीस बांध घातला गेला. तेव्हां वरच्या अंगास एक मोठें तळें सांचलें. त्यास राजाचें मत्स्यतळें म्हणत. पुढें शहराभोंवतीं दगडी तट बांधला गेला, तेव्हां या बाजूस तट घातलाच नाहीं, कारण तळें आणि दलदल हाच तट होता. आजहि यॉर्कच्या तटावरून फेरी मारणारा मनुष्य या ठिकाणीं येऊन अडतो. तटाची वाट एकदम संपते, आणि खालीं उतरून फॉसच्या कांठानें चालून तांबड्या विटांच्या बुरुजापाशीं ती पुन्हां धरावी लागते. हें तळें वाचकांनीं लक्षांत ठेवावें. शेवटीं त्याची गांठ पुन्हां पडावयाची आहे.

किल्ल्यांपैकीं एकाशीं यॉर्कच्या इतिहासांतील अत्यंत काळीकुट्ट रात्र निगडित आहे. बाराव्या शतकांत कांहीं धनाढ्य यहुदी सावकारांचीं दगडी घरें शहराच्या भर वस्तींत होतीं. ते राजाच्या आश्रयानें राहत; सरदार व जमीनदार त्यांच्या कर्जांत बुडालेले असत. ११९० च्या मार्चांत त्यांच्याविरुद्ध दंगल उसळली आणि घरांवर हल्ले झाले. सुमारें दीडशें स्त्रीपुरुष व मुलें राजाच्या किल्ल्यांतील लांकडी बुरुजांत आश्रयास गेलीं. पण वेढा उठला नाहीं. बहुतेकांनीं आपल्या हातानें आपल्या माणसांचा व स्वतःचा अंत केला, आणि जे जीवदानाच्या वचनावर बाहेर आले ते कापले गेले. त्यानंतर दंगलखोरांनीं मिन्स्टरमध्यें ठेवलेले कर्जरोखे काढून जाळले. उत्तम जागीं घर घेण्याइतका पैसा जवळ असणें आणि त्या जागेवर आपला हक्क असणें, या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत याचें याहून भीषण उदाहरण सांपडणें कठीण.

तटाचीं कामें तेराव्या-चौदाव्या शतकांत पुरीं झालीं. तटाची लांबी दोन मैलांहून थोडी अधिक आणि मोठ्या वेशी चार: मिकलगेट, बूथम, मंक व वॉल्मगेट. तटाच्या आंत राहणें ही त्या काळीं मोठी गोष्ट होती. आंतील दुकानदारीचे व हुन्नराचे हक्क शहराच्या नागरिकपणाशीं जोडलेले असत. जागेची टंचाई मात्र तेव्हांपासूनच दिसूं लागते. गुडरमगेट रस्त्यावर १३१६ च्या सुमारास बांधलेली एक घरांची ओळ अद्याप उभी आहे. चर्चच्या आवाराच्या कडेला ती बांधलेली असून तिचें भाडें एका पुजाऱ्याच्या वेतनास लागे. वरचा मजला खालच्यापेक्षां रस्त्याकडे पुढें आलेला, प्रत्येक बिऱ्हाडाच्या वांट्यास वर एक आणि खालीं एक खोली. सातशें वर्षांपूर्वींची ही चाळच म्हणावयाची. जवळच शॅम्बल्स ही खाटकांची आळी. तेथील घरें समोरासमोर इतकीं झुकलेलीं कीं वरच्या खिडक्यांतून हात लांब केल्यास शेजाऱ्याशीं हस्तांदोलन करावें. मांसावर ऊन पडूं नये म्हणून ही सांवली सोयीची होती. माणसांवर ऊन पडावें याचा विचार करण्यास अजून पुष्कळ शतकें जावयाचीं होतीं. याच आळींतील एका खाटकाची पत्नी मार्गारेट क्लिदरो हिनें कॅथॉलिक पाद्र्यांना घरांत आसरा दिल्याचा आरोप येऊन १५८६ मध्यें तिला दगडांच्या भाराखालीं चिरडून मारण्यांत आलें.

जागेच्या टंचाईनें लोक पुलावरहि राहूं लागले. ऊजवरील जुन्या पुलावर घरें व दुकानें होतीं. १५६४–६५ च्या हिंवाळ्यांत बर्फ वितळून आलेल्या लोंढ्यानें पुलाच्या दोन कमानी वाहून नेल्या. त्यांच्याबरोबर बारा घरें गेलीं आणि बारा माणसें बुडालीं. पूल पुन्हां बांधला आणि त्यावर पुन्हां घरें उठलीं! पुढें १६०४ मध्यें प्लेग आला, त्यांत साडेतीन हजारांच्या आसपास माणसें दगावलीं. त्या वेळीं शहराचा कारभार पाहणाऱ्यांनीं रोग्यांस तटाबाहेर हॉब मूर या गायरानावर लांकडी खोपटांत नेऊन ठेवलें. तटाच्या आंत राहण्याचा हक्क सुदृढ माणसापुरता होता, असाच याचा अर्थ.

अठराव्या शतकांत यॉर्क हें उत्तरेकडील सरदार-जमीनदारांचें हिंवाळी करमणुकीचें ठिकाण झालें. १७३१ पासून नेव्हस्मायरच्या माळावर घोड्यांच्या शर्यती होऊं लागल्या, १७३२ मध्यें नाचगाण्याचें सभागृह उघडलें. मिकलगेट हा रस्ता पुलापासून वर चढत वेशीपर्यंत जातो; त्याच्या वरच्या चढावावर विटांच्या भव्य हवेल्या उठल्या. बूथमच्या वेशीबाहेरहि ऐपतदारांचीं घरें झालीं. म्हणजे तटाबाहेर राहणें ही आतां नामुष्की राहिली नाहीं. मात्र बाहेरची जागा उंचावरची पाहिजे. तटाचा उपयोग संपला, तेव्हां १८०० सालीं नगरसभेनें तो पाडूनच टाकण्याचें मनांत आणलें. दुरुस्तीचा खर्च आहे आणि उत्पन्न कांहीं नाहीं, असा हिशेब! विल्यम एटी या यॉर्कच्याच चित्रकारासारख्या लोकांनीं ओरड केली म्हणून तट वाचला; तरी तीन वेशींचे पुढचे बुरूज गेलेच. वॉल्मगेटचा तेवढा शिल्लक राहिला. वॉल्मगेट ही गरिबांची पेठ होती. तेथें सुधारणा करण्याची कोणास निकड नव्हती, हेंच त्या बुरुजाच्या दीर्घायुष्याचें कारण नसेल ना, अशी शंका येते.

हवेल्यांच्या मागल्या बाजूस काय होतें? यॉर्कचे मुख्य रस्ते सोडून कोणत्याहि बोळांत शिरलें कीं आंत एक चौक लागे. पूर्वीं ती बाग किंवा परसू असे. मालकानें तेथें खोल्या उठवून भाड्यानें दिलेल्या असत. अशा खोल्यांत १८३२ मध्यें पटकी शिरली. ऊजकांठच्या स्केल्डरगेट भागांत सर्पाचें घरटें अशा अर्थाच्या नांवानें ओळखला जाणारा एक चौक होता. पहिला रोगी तेथें सांपडला. तो उन्हाळा संपेपर्यंत शहरांत १८५ माणसें मेलीं. त्यांना तटाबाहेर ज्या जागेंत पुरलें ती जागा आजच्या रेल्वे स्टेशनसमोर आहे. उतारू घाईघाईनें तिच्यावरून दृष्टि फिरवून पुढें जातात. येथें योगायोग असा कीं, याच ऊजच्या कांठीं नॉर्थ स्ट्रीटवर १८१३ मध्यें एका मजुराच्या घरीं जॉन स्नो हा मुलगा जन्मला होता. पुढें त्यानेंच १८५४ मध्यें लंडनांत एका पंपाच्या पाण्यापर्यंत माग काढून पटकी पाण्यांतून पसरते असें दाखविलें. नदीकांठच्या गरीब वस्तींत बालपण काढलेल्या मनुष्यास दूषित हवेपेक्षां दूषित पाण्याचा संशय अधिक यावा, यांत नवल तें काय?

आगगाडी १८३९ मध्यें आली. कापडाचा दुकानदार जॉर्ज हडसन यानें ती आणली. १८४१ मध्यें तट फोडून स्टेशन आंत घेतलें, आणि १८७७ मध्यें जागा अपुरी पडल्यामुळें तें बाहेर हलविलें. पश्चिमेस हॉलगेट भागांत रेल्वे कामगारांच्या विटांच्या चाळी उभ्या राहिल्या. आयर्लंडांत १८४५ पासून बटाट्याचें पीक बुडालें, तेव्हां उपाशी कुटुंबें इकडे आलीं आणि वॉल्मगेटच्या चौकांत कशींबशीं सामावलीं. मिन्स्टरजवळील बेडर्न ही जागा पाहा. तेराव्या शतकापासून ती मिन्स्टरमध्यें स्तोत्रें गाणाऱ्या धर्मसेवकांची वसाहत होती. स्वतंत्र चर्च, स्वतंत्र भोजनशाळा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्याच इमारतींच्या खोल्याखोल्यांतून आयरिश मजुरांचीं कुटुंबें कोंबलेलीं होतीं. देवालयाची सांवली पडत होती, पण घरांत नळ नव्हता.

शहराची ही मागली बाजू सर्वांच्या दृष्टीस आणली ती सीबोम राउंट्री या तरुणानें. त्याचे वडील जोसेफ राउंट्री हे क्वेकर पंथाचे व कोको-चॉकोलेटच्या मोठ्या कारखान्याचे मालक. मुलगा कारखान्यांत रसायनशास्त्राचें काम पाही. लंडनच्या दारिद्र्याविषयीं लोक बोलत, पण तो लंडनचा दोष असेल, आपल्या टुमदार देवालयाच्या शहरांत तसें नसेल, अशी समजूत होती. १८९९ मध्यें सीबोमनें यॉर्कांतील प्रत्येक मजूर कुटुंबाची घरोघर जाऊन चौकशी करविली. ११,५६० कुटुंबें, ४६,७५४ माणसें. १९०१ मध्यें त्याचें पुस्तक निघालें, त्यांतील आंकड्यांनीं इंग्लंड हादरलें. शहराच्या एकंदर लोकसंख्येपैकीं शेंकडा सुमारें अठ्ठावीस माणसें दारिद्र्यांत होतीं.

त्यानें हिशेब केला तो असा. नवरा, बायको व तीन मुलें यांना केवळ शरीर धड राहण्यापुरतें जगावयाचें तर आठवड्यास २१ शिलिंग ८ पेन्स लागतात. त्यांत अन्नास १२ शिलिंग ९ पेन्स, घरभाड्यास ४ शिलिंग आणि कपडे, जळण, दिवाबत्ती वगैरेंस ४ शिलिंग ११ पेन्स. या हिशेबांत चैन नाहीं, वर्तमानपत्र नाहीं, टपालाचें तिकीट नाहीं. आणि रेल्वेचें किंवा घोड्याच्या बसचें भाडेंहि नाहीं. शेवटची बाब आपल्या विषयाच्या दृष्टीनें फार महत्त्वाची आहे. ज्याला गाडीभाडें परवडत नाहीं त्याला कामापासून चालत जाण्याइतक्या अंतरावरच राहिलें पाहिजे. काम शहरांत, म्हणून बिऱ्हाड हंगेटच्या किंवा वॉल्मगेटच्या चौकांत. तेथें पाण्याचा एक नळ कित्येक घरांत मिळून, शेजारीं खाटीकखाना, फॉसचें साचलेलें पाणी पलीकडे. अशा घरांत राहणारीं माणसें अडाणी म्हणून तेथें राहतात, असें सुखवस्तु लोक म्हणत. राउंट्रीनें दाखविलें तें हें कीं, त्यांचा हिशेब चुकलेला नव्हता. त्यांच्यापुढें दुसरा हिशेबच नव्हता.

त्याच पुस्तकांत मृत्यूचे आंकडे आहेत. सर्वांत गरीब वस्तींत दर हजारीं वर्षास जवळजवळ अठ्ठावीस माणसें मरत. मजुरांच्याच पण बऱ्या वस्तींत साडेतेरा. वर्षाच्या आंतील मुलांचा हिशेब त्याहून वाईट. गरीब वस्तींत जन्मलेल्या हजार मुलांपैकीं २४७ मुलें पहिला वाढदिवस पाहत नसत. नोकर ठेवणाऱ्या कुटुंबांत हाच आंकडा ९४ होता. एकाच शहरांत, एकाच देवालयाच्या घंटा ऐकत असतां, आईनें मूल कोणत्या बोळांत प्रसवलें यावर त्याच्या आयुष्याची एवढी मोठी पैज लागलेली होती.

वडिलांनीं काय केलें? जोसेफ राउंट्री यांनीं शहराच्या उत्तरेस सुमारें तीन मैलांवर दीडशें एकर जमीन घेऊन १९०२ मध्यें न्यू इअर्झविक हें गांव वसविण्यास आरंभ केला. रेमंड अन्विन आणि बॅरी पार्कर या दोघां शिल्पज्ञांनीं आंखणी केली. त्यांनीं एक साधी गोष्ट केली: घराचें तोंड रस्त्याकडे असलेंच पाहिजे हा हट्ट सोडला आणि बैठकीच्या खोलींत ऊन कोठून येईल हें आधीं पाहिलें. प्रत्येक घरामागें बाग व बागेंत दोन फळझाडें. १९०७ मध्यें गांवकऱ्यांसाठीं सभागृह झालें. दारूचें दुकान नाहीं. क्वेकर मालकाकडून निराळी अपेक्षाहि नव्हती. मात्र एका बाबतींत जोसेफ इतर कारखानदारांहून निराळे. हें गांव त्यांनीं आपल्याच कामगारांपुरतें राखलें नाहीं, आणि १९०४ मध्यें तें एका विश्वस्त मंडळाच्या स्वाधीन केलें. वस्तीवर दानधर्माचा शिक्का बसूं नये, लोकांनीं आपला कारभार आपण चालवावा, ही त्यांची इच्छा होती.

तरीहि या गोड गोष्टींत एक खडा आहे. चांगलें घर बांधावयाचें, दानधर्म करावयाचा नाहीं आणि भांडवलावर माफक व्याज निघालें पाहिजे, असा मेळ घातला कीं भाडें ठराविक मर्यादेखालीं येत नाहीं. म्हणून मुलानें ज्यांची गणती केली ते अगदीं तळचे लोक वडिलांच्या गांवांत राहावयास जाऊं शकले नाहींत. तेथें गेले ते बरा पगार मिळविणारे कारागीर, कारकून, कारखान्यांतले मुकादम. यांत राउंट्रींस दोष देणें अन्यायाचें होईल. एका माणसाच्या पैशानें एवढेंच होऊं शकत होतें. पण पुढें सरकारनें हेंच काम हातीं घेतलें तेव्हां न्यू इअर्झविकचा नमुना उपयोगी पडला. १९१८ च्या सरकारी समितींत अन्विन होते. शहरांत एकरीं बारापेक्षां अधिक घरें नकोत, अशी शिफारस त्या समितीनें केली. १९१९ च्या कायद्यानंतर यॉर्कच्या नगरसभेनें पूर्वेस टँग हॉल येथें भाड्याचीं घरें बांधलीं, आणि १९३० नंतरच्या दशकांत हंगेटचे चौक पाडून तेथील कुटुंबांस अशा नव्या वसाहतींत हलविलें. ऊन मिळालें, नळ मिळाला, बाग मिळाली; शेजार मात्र मोडला आणि बाजार दूर पडला.

दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ च्या एप्रिलांत, एका रात्रींच्या बाँबवर्षावानें यॉर्कचें पुष्कळ नुकसान झालें. पण त्यानंतरच्या वीस वर्षांत तटाच्या आंतील वस्ती ओसरली ती बाँबांमुळें नव्हे. ज्याला त्याला बाहेर जावयाचें होतें. अकम, हेवर्थ, क्लिफ्टन हीं जुनीं खेडीं शहरांत मिसळलीं; १९६३ मध्यें हेझ्लिंग्टन गांवाजवळ विद्यापीठ निघालें आणि त्या बाजूस विद्यार्थ्यांचीं व अध्यापकांचीं बिऱ्हाडें वाढलीं. आंत उरलीं दुकानें, गुदामें आणि पडकीं घरें. तेव्हां सरकारनें लॉर्ड ईशर यांजकडून शहराची पाहणी करविली. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, केवळ इमारती जपून जुनें शहर जगत नाहीं, त्यांत माणसें राहिलीं पाहिजेत. गुदामें हलवून ऑल्डवार्क भागांत नवीं घरें झालीं. बेडर्नची भोजनशाळा दुरुस्त झाली आणि भोंवतीं राहतीं घरें बांधलीं गेलीं. ज्या जागेंत एके काळीं आयरिश कुटुंबें खोलींत दहा-दहा राहत, तेथें आतां घर मिळविण्यास पुरेसा पैसा लागतो. शॅम्बल्समध्यें खाटीक उरला नाहीं. तेथें प्रवाशांची रीघ असते आणि सांवलीचें कौतुक होतें.

आज यॉर्कांत घर शोधणाऱ्यास काय दिसतें? रेल्वेनें लीड्स अर्ध्या तासाच्या आसपास, लंडन दोन तासांच्या. त्यामुळें दुसऱ्या शहरीं नोकरी करून येथें राहणारेहि पुष्कळ, आणि घरांच्या किंमती यॉर्कशायरच्या मानानें चढ्या. रेल्वेचा डबे बांधण्याचा कारखाना १९९६ मध्यें बंद झाला, टेरी यांचा चॉकोलेटचा कारखाना २००५ मध्यें. टेरींच्या कारखान्याच्या इमारतींत आतां बिऱ्हाडें आहेत. राउंट्रींचें न्यू इअर्झविक अजूनहि त्यांच्याच नांवाच्या संस्थेकडे आहे. माउंट, बूथम हे उंचावरचे भाग दोनशें वर्षांपूर्वींप्रमाणेंच प्रतिष्ठित आहेत. नदीकांठच्या जुन्या गुदामांच्या जागीं मात्र सज्जे असलेलीं नवीं घरें झालीं आहेत, आणि पूर्वीं जें नाइलाजानें घ्यावें लागे तें नदीचें सान्निध्य आतां अधिक पैसे देऊन घेतात.

नदीनें आपला स्वभाव बदललेला नाहीं. नोव्हेंबर २००० मध्यें ऊज नेहमींच्या पातळीहून सुमारें साडेपांच मीटर चढली. ऊजचें पाणी फॉसमध्यें उलटें शिरूं नये म्हणून संगमाजवळ १९८७ पासून एक लोखंडी दरवाजा आहे. तो पाडतात आणि फॉसचें पाणी पंपांनीं पलीकडे टाकतात. २६ डिसेंबर २०१५ रोजीं पाणी इतकें आलें कीं पंपघरांतच तें शिरूं लागलें आणि विजेचीं यंत्रें बंद पडण्याची भीति उत्पन्न झाली. दरवाजा पडलेलाच अडकून राहिला तर फॉसला वाटच उरणार नाहीं, म्हणून तो वर उचलणें भाग पडलें. फॉसच्या कांठचा हंटिंग्टन रस्ता, वॉल्मगेटकडील सखल भाग, जेथें पूर्वीं राजाचें मत्स्यतळें होतें तो प्रदेश, असा सारा भाग जलमय झाला. सहाशेंहून अधिक घरें व दुकानें पाण्यांत गेलीं. कित्येक कुटुंबांस महिनोन्महिने दुसरीकडे राहावें लागलें. मिन्स्टरच्या पायरीस पाणी लागलें नाहीं.

कॉपरगेट येथें उत्खननाच्या जागीं डेन लोकांच्या घरांचें एक संग्रहालय आहे. हजार वर्षांपूर्वींचीं कुडाचीं घरें, अंगण, माणसें यांच्या प्रतिकृति त्यांत मांडल्या आहेत. त्या पुरांत फॉसचें पाणी तेथेंहि शिरलें. मूळ वस्तु नोकरांनीं वेळींच बाहेर काढल्या. घरें मात्र भिजून खराब झालीं. तीं नव्यानें उभारून संग्रहालय पुन्हां उघडलें तें एप्रिल २०१७ मध्यें, त्याच जागीं.